भोंग्याचं बटण

बाटलीतले बुडबुडे मंदावले. एवढंच झालं. वॉर्डात कुणाला काही कळलं नाही. समोरच्या खाटेवरचे रंगराव म्हातारे केळं सोलत बसलेले, खिडकीतून झेंडूचा अन् फिनेलचा मिळून एक वास येत होता, लांब कुठल्या तरी कंपनीत लाउडस्पीकरवर सनई चाललेली. मी दादांच्या खाटेशी लोखंडी स्टुलावर गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेले, सकाळच्या भांडणाचा राग चघळत. दादा म्हणजे माझा बाप. भिंतीतून नळी येते, तिला काचेची बाटली लावलेली, बाटलीतल्या पाण्यातून ऑक्सिजन बुडबुडत वर येतो अन् मग दादांच्या नाकात जातो. दादांना इथं आणल्यापासून तो आवाज माझ्या कानात असा बसलाय, की घरी झोपले तरी ऐकू येतो. चुलीवर डाळ शिजतेय असा. अन् आता त्या डाळीखालचं लाकूड कुणी तरी हळूच ओढून घेतलं. मी मान वर केली. बाटलीच्या वर एक उभी काच असते, तिच्यात एक गोळी तरंगत असते; जितका गॅस तितकी गोळी वर. ती गोळी खाली यायला लागलेली. धपकन नाही. म्हातारं माणूस जिना उतरतं तशी, थांबत थांबत.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की भोंगा का नाही वाजत? कारण तो भोंगा माझा होता. माझा म्हणजे आमच्या शेडमधला. भोसरीला एमआयडीसीच्या रस्त्यालगत सोपानरावांची पत्र्याची शेड आहे, तिच्यात आम्ही दवाखान्यांसाठी गॅसचे पॅनेल बनवतो. एक लोखंडी डबा, त्याच्यावर काट्याची तबकडी, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा अन् खाली भोंगा. पाइपातला गॅस पुरेसा आहे तोवर हिरवा. दाब उतरला, काटा लाल रेघेच्या खाली गेला, की हिरवा विझतो, लाल लागतो अन् भोंगा असा बोंबलतो की मेलेला उठून बसावा. डबा तयार झाला की टेस्टिंगला माझ्याकडे येतो. मी त्याला हवेची नळी जोडायची, दाब चढवायचा, मग कॉक जरा जरा सोडत काटा उतरवत न्यायचा. रेघेवर आला की आत बारीक ‘टक्’ होतं, अन् त्या ‘टक्’च्या पाठोपाठ भोंगा. ज्याचा ‘टक्’ उशिरा होईल तो मी परत फेकते. पास झाला की आतल्या स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देते. सोपानराव म्हणतात, तू डब्यांना कुंकू लावतेस. मी म्हणते, नेलपॉलिश आहे ते, कुंकू तुम्ही लावा. या दवाखान्यातला डबा माझ्या हातचा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं; सिस्टरांच्या खोलीच्या दारातून तो भिंतीवर दिसला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. दादांच्या श्वासावर माझा ठिपका राखणीला बसलाय असं वाटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्या डब्याचं कौतुक पुरे, बापाचे पाय चेप."

गोळी तळाला टेकायला आली. दादांच्या गळ्याची खोबण आत ओढली जायला लागली, श्वास घेताना. ते जागे झाले. माझ्याकडं बघितलं. फाउंड्रीत फेटलिंगला होते ते, ओतलेल्या लोखंडावरची वाळू अन् कंगोरे ग्राइंडरनं काढायचं काम. ती वाळू कुठं जाते ते आता त्यांच्या छातीच्या फोटोत दिसतं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला तेव्हा मला दादांच्या शर्टाची पाठ आठवली, रोज संध्याकाळी आई दाराबाहेर झटकायची ती. वाटलं, आतून पण कुणी असं झटकायला पाहिजे होतं. मी उठले. पळायचं नाही असं ठरवलं, कारण मी पळाले की दादा घाबरतील. दारापर्यंत चालत गेले अन् मग पळाले.

सिस्टरांच्या खोलीत डबा होता तिथंच. पण तो दिसतच नव्हता. त्याच्यावर झेंडूची भलीमोठी माळ घातलेली, दोन्ही दिवे माळेखाली झाकलेले, तबकडीच्या काचेवर हळद-कुंकवाची बोटं. मी माळ बाजूला केली. हिरवा विझलेला. लालही विझलेला. काटा मात्र खरं बोलत होता, रेघेच्या खाली उतरून पडलेला. अन् डब्याच्या कुशीतलं ते काळं बटण खाली दाबलेलं. बंद. डब्याला कुणी तरी निजवलं होतं.

त्या बटणावरून मी सोपानरावांशी मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात भांडलेय. आधीच्या डब्यांना बटण नव्हतं. मग दवाखान्यांची तक्रार आली, भोंगा फार वाजतो, पेशंट दचकतात, बंद करायची सोय द्या. सोपानरावांनी बटण बसवलं, तेही अख्ख्या डब्याची वीज तोडणारं. मी म्हणलं, "बटण दिलं की लोक बंद करणार." ते म्हणाले, "बंद करायलाच मागतात ना बाई. गिऱ्हाइकाला पाहिजे ते द्यायचं. तू नववीतनं पळालेली, मला धंदा शिकवू नको." नववीतनं पळाले ते खरं. बाईंनी उलट बोलले म्हणून बाकावर उभं केलं, बाकाशेजारी खिडकी होती, खिडकीला गज नव्हते. मी बाकावरून खिडकीत अन् खिडकीतून बाहेर. परत गेले नाही. पण सोपानरावांच्या शेडला खिडकीच नाही, म्हणून तिथं टिकलेय असं आई म्हणते. आज सकाळी मात्र तिथूनही बाहेर पडले. आज खंडेनवमी. सगळ्या शेडमध्ये मशिनं धुऊन पुसून ठेवलेली, नारळ, ऊस, पेढे. सोपानराव ताट घेऊन माझ्या टेबलाशी आले, म्हणाले, "कस्तुरा, तुझ्या टेस्टिंगच्या टेबलाला तूच कुंकू लाव." मी म्हणलं, आमच्यात नसतं. ते म्हणाले, "अगं, मशीनला कसली जात?" मी म्हणलं, "मशीनला नाही, म्हणून तर म्हणते, तिला सोडा की." सगळे हसले. सोपानरावांना ते हसणं लागलं. "एवढं तोंड असंल तर घरी बस," म्हणाले. मी फडकं फेकलं अन् निघाले. फडकं पेढ्यांवर पडलं, ते काही मी मुद्दाम नाही केलं.

बटण वर केलं. लाल दिवा पेटला अन् भोंगा किंचाळला. शेडमध्ये तो वाजतो तेव्हा ते काम असतं. इथं ते काम नव्हतं. शालन सिस्टर बाळंतिणींच्या वॉर्डातून धावत आल्या. कोल्हापूरकडच्या, उंच, ओठावर लव असलेल्या. "काय केलंस गं? बंद कर आधी!"

"सिस्टर, पाइपात गॅस नाही. हा खरा वाजतोय."

त्यांनी काट्याकडं बघितलं. एकदाच. मग मला काही विचारलं नाही, हे मला त्यांचं आवडलं. "चाकाच्या गाडीवरचा सिलिंडर एकच आहे," त्या म्हणाल्या, "तो मला आत काचेच्या पेटीतल्या बाळाला लावावा लागंल. तुझ्या वडलांना मी उठवून पुढं वाकवून बसवते, पाठीशी उशा देते. तेवढ्यानं थोडा वेळ जाईल. थोडाच. चिमाजी मागं गॅसच्या खोलीवर आहे, त्याला म्हणावं दुसरी रांग सोड. जा."

"भोंगा कुणाला बंद करू देऊ नका."

"जा म्हणते ना!"

मागच्या अंगणात ऊन असं पांढरं पडलेलं की डोळे मिटले. गॅसची खोली आवाराच्या कोपऱ्यात, पत्र्याचं दार. दाराला आंब्याचं तोरण, उंबऱ्यावर रांगोळी, अन् दाराशी पाटावर चिमाजी बसलेला, अंगात नवी बंडी, समोर पुरणपोळीचं ताट. म्हातारा पान लावल्यासारखा सावकाश पोळी मोडत होता. भोंगा इथंही ऐकू येत होता, सिस्टरांच्या खोलीची खिडकी याच बाजूला. "कुनी लावला गं त्यो डबा चालू?" त्यानं मलाच विचारलं. "आज खंडेनवमी हाय. आज समद्या हत्यारांला इसावा."

"तुम्ही बंद केला होता?"

"म्या केला. गॅस न्हाई बंद केला, मी येडा हाय व्हय? गॅस चालूच हाय. निस्ता डबा बंद केला. बारा महिनं उभा आसतो बिचारा, एक दिस इसावा नगं?"

मला असं वाटलं की त्याचं ताट उचलून भिंतीवर मारावं. माझे हात तसेच आहेत, डोक्याला विचारत नाहीत. पण हात उठायच्या आधी दादांच्या गळ्याची खोबण दिसली. मी दोन्ही हात पाठीमागं धरले. "मामा, टाक्या संपल्यात. चालू रांग रिकामी झाली. भोंगा त्याच्यासाठीच बोंबलतोय. माझा बाप आहे आत, नळीवर."

चिमाजीच्या हातातली पोळी हातातच राहिली. तो उठला, पण दारातून बाजूला झाला नाही. "सकाळी तर काटा बरा व्हता," म्हणाला. मग, "मी सोडतो दुसरी. पर आत्ताच पूजा मांडलीया. उद्या सोनं वाटंपातूर हात लावायचा न्हाई आसा आमचा..." एवढं बोलून त्याचा त्यालाच आवाज नको झाला असावा, कारण वाक्य त्यानं अर्ध्यातच टाकलं अन् दार ढकललं.

आत गार होतं. दोन्ही भिंतींना टाक्यांच्या रांगा उभ्या, काळ्या अंगाच्या, पांढऱ्या खांद्यांच्या, साखळीनं बांधलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यातून तांब्याची वाकडी नळी निघून वरच्या मोठ्या पाइपात गेलेली. उजव्या रांगेला, जी सोडायची होती तिला, चिमाजीनं सजवलं होतं. प्रत्येक टाकीच्या गळ्यात माळ. प्रत्येकीच्या डोक्यावर, चावीच्या दांडीला, नळी जिथं पिळून बसवतात त्या नटाला, शेंदूर. जाड, लकाकता, ओघळलेला. मी बोट लावलं अन् नाकाशी नेलं. गोडं तेल.

इथं माझे पाय थांबले. सोपानरावांच्या शेडमध्ये दुसरं काही शिकवलं नसेल, पण ऑक्सिजनच्या जोडाला तेल लावायचं नाही हे पोरीसोरींनासुद्धा छडी लावल्यासारखं शिकवलंय. तबकडीवर ते लाल अक्षरात छापलेलं असतं, इंग्रजीत. टाकीत गॅस इतका दाबून भरलेला असतो, की तो उसळून बाहेर आला अन् वाटेत तेल लागलं, तर काडी लागत नाही, ते आपलं आपण पेटतं. ऑक्सिजनमध्ये पेटलं की लोखंडही जळतं, लाकडासारखं. त्या पायी मी कामाच्या दिवशी डोक्याला तेल लावत नाही, अन् आई म्हणते, पोरीचं डोकं म्हणजे केरसुणी झालीय. मी म्हणलं, "मामा, तेल कुणी लावलं?"

"म्याच. शेंदूर काय पान्यात कालवत्यात?" मग माझं तोंड बघून तो हळू बोलला. "आमची जमीन हितंच व्हती, ह्या रस्त्याच्या पल्याड. कंपनीत गेली. बैल इकलं. आता ह्योच माझं बैल." त्यानं एका टाकीच्या खांद्यावर हात ठेवला. "पोळ्याला शिंगास्नी लावतो, तसं लावलं. चांगलं रगडून लावलं."

रगडून. नटाच्या पेरात, नळीच्या सांध्यात तेल गेलेलं मला दिसत होतं. शिंगं म्हणून त्यानं जी रंगवली होती ती तोंडं होती.  बाहेर भोंगा बोंबलत होता. तो आवाज मला म्हणत होता, सोड, सोड, चावी पिळ, बाप चाललाय. अन् नटावरचं तेल म्हणत होतं, पिळून बघ. मला आयुष्यात कुणी सावकाश केलेलं नाही. बाईंनी नाही, आईनं नाही, सोपानरावांनी नाही. त्या तेलानं केलं.

"मामा, साबण अन् पाणी आणा. गरम असेल तर गरम. अन् कोरं कापड. वापरलेलं नको, धुतलेलं पण नको, तेलाचा हात न लागलेलं."

तो बादली आणायला गेला. तोवर मी माळा काढल्या. एकेक. ओढून तोडल्या नाहीत, कारण फुलं नटात अडकली असती. मधल्या वेळात मला आमचीच एक खंडेनवमी आठवत होती, मी परकरात होते तेव्हाची. त्या दिवशी कंपनीचं गेट घरच्यांना उघडं असायचं. दादांनी मला खांद्यावर बसवून फाउंड्री दाखवलेली. सगळी ग्राइंडर केळीच्या खांबांनी सजवलेली, गुलाल, पताका. दादांचं ग्राइंडर तेवढं साधं. त्यांच्या मित्रानं विचारलं, "साहेबराव, तुझ्या मशीनला एवढी पण फुलं नाहीत?" दादा हसले, खिशातून फडकं काढलं, अन् ग्राइंडर पुसलं. वरून नाही. खालून, मागून, जिथं कुणी बघत नाही तिथून. "आमचं एवढंच," म्हणाले. मला तेव्हा लाज वाटली होती. सगळ्यांच्या मशीनला फुलं अन् आपल्याला फडकं.

चिमाजी बादली अन् लाइफबॉयची वडी घेऊन आला. मी आधी माझे हात धुतले, कोपरापर्यंत. मग त्याला म्हणलं, तुम्ही पण धुवा, पुरणाचं तूप आहे. तो मुकाट्यानं बसला अन् धुवायला लागला, लहान पोरासारखा, बोटाबोटांमधून. "कापड?" मी म्हणलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं. खोलीत एकच कोरं कापड होतं. कोपऱ्यात पाटावर नारळ ठेवलेला, त्याच्याखाली घडीचं पांढरं मांजरपाट, दुकानातून आणलेलं तसंच. पूजेचं. मी ते बघितलं अन् त्यानं मला बघताना बघितलं.

"कुनाची गं तू?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असतो तो असतोच, तो प्रश्न.

"साहेबरावाची. पिंपरीच्या फाउंड्रीतले. बुद्धविहाराच्या मागं राहतो."

भोंगा वाजत होता. चिमाजीनं नारळ उचलला, कपाळाला लावला, खिडकीत ठेवला, अन् कापडाची घडी उचलून टर्रकन मधून फाडली. एक तुकडा मला दिला. "मी खालच्या फुसतो," म्हणाला, "तू वरच्या फूस. माझं डोळं आता बारीक कामाचं न्हाईत."

"चोळायचं नाही मामा. टिपायचं. आधी साबण, मग पाणी, मग कोरडं. कापडाची बाजू परत वापरायची नाही."

आम्ही पुसत होतो. शेंदूर लवकर जात नाही, तो देवाचा असतो. प्रत्येक टाकीला मला वाटायचं, पुरे, एवढ्यानं भागेल, सोड. अन् प्रत्येक वेळी नटाच्या पेरात लाल दिसायचं. एका जोडाच्या आतपर्यंत तेल गेलेलं, तो नट सोडवून आतलं तोंड टिपावं लागलं, माझी करंगळी कापडात गुंडाळून. दादांच्या नाकातली नळी अशीच पुसते मी सकाळी. शेवटी मी चिमाजीला म्हणलं, सगळ्या राहू द्या, या दोन अगदी कोऱ्या झाल्या, एवढ्या पहिल्या सोडू, बाकीच्या मागनं. तो म्हणाला, "तू सोड आधी. म्या बगून घेतो."

मी टाकीच्या तोंडासमोरून बाजूला झाले, त्यालाही मागं ओढलं, कापडाच्या कोऱ्या बाजूनं धरून चावी लावली, अन् केसभर फिरवली. केसभरच. आत बारीक सळसळ झाली, साप गवतातून जातो तशी. मी थांबले. नटावर कापडावरूनच हात ठेवला. गार. आणखी केसभर. तांब्याची नळी किंचित कण्हली. गार. भिंतीवरचा काटा झोपेतून उठल्यासारखा हलला, अन् चढायला लागला. मी त्याच्याकडं बघत होते अन् मनात म्हणत होते, ये, ये, ये. मी आईला दादांना बोलावताना ऐकलंय तसं, पहिल्या दिवशी, रिक्षात.

अन् भोंगा थांबला.

चिमाजीनं दोन्ही हात जोडले. "गप झाला! भरला गॅस!" पण मी काट्याकडं बघत होते. काटा अजून रेघेच्या खाली होता. माझ्या हातचा डबा रेघेच्या आधी गप बसत नाही. म्हणजे तो गप झाला नव्हता. त्याला कुणी तरी गप केला होता. "मामा, दुसरीची चावी अशीच, केसाकेसानं. नटावर कापडावरून हात ठेवून. गरम लागला तर लगेच बंद," म्हणलं, अन् मी निघाले. अंगण, व्हरांडा, फिनेलची ओली फरशी, घसरले, उठले.

सिस्टरांच्या खोलीत रंगराव म्हातारे उभे होते, केळ्याची साल हातात. बोट अजून बटणावर. "काय गं पोरी, कान फुटायची पाळी आली. सिस्टर पलीकडं अडकल्यात, म्हणलं आपणच गप करावा. सणाचा दिवस अन् काय ही कटकट." समाधानानं बोलत होते, कुणाचं तरी रडकं पोर निजवल्यासारखं. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, शेंदरानं लाल, कोपरापर्यंत, अन् एक पाऊल मागं सरकले. मी काही केलं नाही. बटण वर केलं.

भोंगा परत किंचाळला. रंगरावांनी कानांवर हात ठेवले, साल गालाला चिकटली. "अगं बंद कर!"

"नाही. आजोबा, थांबा. ऐका."

"काय ऐकू?"

"तो थांबेल ते."

आम्ही दोघं उभे राहिलो. दारात बायका जमल्या, एकीच्या कडेवरचं पोर रडायला लागलं, कुणी तरी म्हणालं, ही कोण आणि. काटा डब्यावरच्या तबकडीत उगवायला लागलेला, कुंकवाच्या बोटांमागून. मी काच पुसली. लाल रेघ. काटा तिच्याशी आला, तिला टेकला, तिथं जरा रेंगाळला, मुद्दाम माझा जीव घ्यायला. मग आत, एवढ्या बोंबेतसुद्धा मला ऐकू आलं, ‘टक्’. भोंगा गप. लाल विझला, हिरवा लागला. खोली एकदम मोठी झाली. लांबची सनई परत ऐकू आली. ती काही थांबली नव्हती.

"आता गप झाला," मी रंगरावांना म्हणलं. "आपला आपण."

त्यांनी साल गालावरनं काढली अन् हळूहळू त्यांच्या खाटेकडं गेले.

शालन सिस्टर दारात आल्या तेव्हा मी डब्याचा प्लग काढून पुढचा पत्रा खोलत होते. टेस्टर माझ्या कमरेला असतोच. "आता काय?" त्या म्हणाल्या. घामानं टोपी कपाळाला चिकटलेली. "दादा?" मी विचारलं. "बसलेत. निळे पडलेले नखाशी, ते उतरतंय. बाळ पण बरं आहे. मी विचारते, हे काय चाललंय?"

"बटण काढतेय. तुमच्याकडची चिकटपट्टी द्या."

"दवाखान्याची वस्तू आहे ती."

"डबा माझा आहे," मी म्हणलं, अन् आतला स्क्रू दाखवला. नेलपॉलिशचा ठिपका. त्या बघत राहिल्या. मग ट्रेमधली चिकटपट्टी तोडून त्यांनीच माझ्या बोटावर दिली. बटणाच्या दोन्ही वायरी मी सोडवल्या, एकमेकींत पिळल्या, पट्टी गुंडाळली, बटण काढून घेतलं, पत्रा बसवला. बटणाच्या जागी भोक राहिलं, डोळा काढल्यासारखं. प्लग लावला. हिरवा. मग मी ती झेंडूची माळ उचलली. फेकणारच होते. पण चिमाजीनं सकाळी बसून ओवली असणार, टाक्यांच्या माळांइतक्याच प्रेमानं. मी ती खिळ्याला टांगली, डब्यापासून हातभर लांब.

दादा पुढं वाकून बसलेले, उशीवर कोपरं, पाठ हाडांनी भरलेली. बाटली उकळत होती. गोळी जिना चढून वर जाऊन बसलेली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवणार तेवढ्यात आठवलं, हात तेलाचे आहेत. इथं नळी आहे. परत गेले, साबणानं धुतले, नखांतला शेंदूर निघेना, टाचणीनं काढला. मग येऊन हात ठेवला.

"कसला गं... आवाज?" ते म्हणाले. एका श्वासात तेवढंच बसत होतं. "मला वाटलं... शिफ्ट सुटली."

"नाही सुटली," मी म्हणलं. "ओव्हरटाइम आहे."

त्यांची पाठ माझ्या हाताखाली हलली. हसले असतील, नाही तर खोकला असेल. उद्या दसरा, शेड बंद. परवा मी जाणार. घरी बस म्हणाले असले तरी जाणार, अन् हे काळं बटण सोपानरावांच्या टेबलावर, पेढ्यांच्या डब्याशेजारी ठेवणार. म्हणणार, नवीन डब्यांना भोकच पाडू नका. ते ओरडतील. ओरडू देत. मी त्यांच्या समोर उभी राहीन अन् त्यांचं ओरडून होईपर्यंत थांबेन, मला आज थांबता आलंय. दुसऱ्या हाताच्या मुठीत बटण होतं, घामानं ओलं. मूठ मी उघडली नाही.